खिडकीच्या कडेची पट्टी

संगणकावर एखादी खिडकी उघडली की तिच्या उजव्या कडेला एक उभी, अरुंद पट्टी दिसते. वर एक बाण, खाली एक बाण आणि मध्ये वरखाली सरकणारा ठोकळा. कागद रुंद असला तर तशीच एक आडवी पट्टी खालच्या कडेलाही येते. हिला स्क्रोलबार म्हणतात. मराठीत कोणी सरकपट्टी म्हणत असेल, पण आमच्या उमरग्यात सगळे स्क्रोलबारच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार आहे.

एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. पण आमच्यासारख्या शाळांत संगणकाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे, तोच संगणकाचा शिक्षक, आणि ती किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. पडद्यावरची बाकी सगळी चित्रं आणि बटणं आपल्याला काहीतरी दाखवत असतात. ही पट्टी मात्र न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलते. तुम्ही बघताय ते सगळं नाही, अजून आहे, आणि साधारण किती आहे, हे ती सांगते. वाचायला शिकवणाऱ्या बाईला याहून कामाची गोष्ट संगणकात कुठली सापडणार?

मुलांना मी ही पट्टी संगणकावर शिकवत नाही. जुन्या वहीचा पुठ्ठा घेते, मधोमध पोस्टकार्डाएवढा चौकोन कापते आणि तो पुठ्ठा वर्तमानपत्रावर ठेवते. चौकोनातून दिसतं तेवढंच वाचायचं. आता पुठ्ठा खाली सरकवा. काय झालं? मुलं म्हणतात, अक्षरं वर गेली. अक्षरं जागची हलली नाहीत, पुठ्ठा हलला. पण चौकोनातून बघणाऱ्याला अक्षरंच वर गेल्यासारखी दिसतात. एसटीत खिडकीशी बसल्यावर झाडं मागे पळतात, तसंच हे. स्क्रोलबारचा ठोकळा म्हणजे तो पुठ्ठ्याचा चौकोन आणि अख्खी पट्टी म्हणजे अख्खं वर्तमानपत्र. ठोकळा खाली ओढला की मजकूर वर जातो, याचं कोडं मग पडत नाही.

दुसरा धडा ठोकळ्याच्या लांबीचा. ठोकळा पट्टीच्या निम्म्या लांबीचा असेल, तर दिसतंय तेवढंच अजून बाकी आहे. चतुर्थांश असेल, तर तीन वाटे बाकी. वीस पानांचा मजकूर असेल आणि खिडकीत अर्धंच पान मावत असेल, तर ठोकळा पट्टीच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा व्हायला हवा. इतका बारीक ठोकळा माउसने धरता येत नाही, म्हणून एका मर्यादेनंतर तो लहान व्हायचा थांबतो. सातवीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवायला याहून सोपं साधन मला मिळालेलं नाही. आणि ठोकळाच नसेल, पट्टीच नसेल, तर कागद खिडकीत पूर्ण मावलाय. निदान पूर्वी तरी असंच समजायचं होतं. आता तसं राहिलेलं नाही, त्याबद्दल पुढे.

मी स्वतः हे शिकले ते एमएस-सीआयटीच्या वर्गात. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू केला, आणि नोकरीत असलेल्या-नसलेल्या, तरुण आणि निवृत्तीला टेकलेल्या सगळ्यांना तो करावा लागला. आमच्या बॅचला माझ्या वडिलांच्या वयाचे एक गुरुजी होते. ते ठोकळा धरून खाली ओढायचे. ओढता ओढता हात थोडा तिरका व्हायचा, बाण पट्टीपासून लांब जायचा, आणि ठोकळा टुण्कन उडी मारून पुन्हा होता तिथे जायचा. गुरुजी म्हणायचे, "हे यंत्र माझ्या हातून काम करून घेईना." विंडोजमध्ये ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. ठोकळा धरून पुढचं काही बघायचं असेल आणि पुन्हा मूळ जागी यायचं असेल, तर हात बाजूला न्यायचा, ठोकळा आपोआप परत येतो. पण हे कोणी सांगितलं तर ना! हात थरथरणाऱ्या माणसाला ती सोय शिक्षेसारखी वाटते. अशांसाठी बाकीच्या वाटा आहेत. टोकाच्या बाणावर एकदा टिचकी मारली की ओळभर पुढे. ठोकळ्याच्या वर किंवा खाली मोकळ्या पट्टीवर टिचकी मारली की खिडकीभर पुढे. शिफ्ट दाबून पट्टीवर टिचकी मारली, तर विंडोजच्या बऱ्याच खिडक्यांत ठोकळा थेट तिथेच येतो. आणि माउस अजिबात नको असेल, तर पेज अप, पेज डाऊन आहेतच. गुरुजींना मी पेज डाऊन दाखवलं आणि त्यांची परीक्षा पार पडली.

ही पट्टी काही आभाळातून पडलेली नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीचं पालो आल्टोला एक संशोधन केंद्र होतं. तिथे १९७० च्या दशकात खिडक्या, माउस आणि सरकत्या पट्ट्या यांचे प्रयोग झाले. १९८१ मध्ये झेरॉक्सचा स्टार, १९८३ मध्ये ॲपलचा लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश हे संगणक बाजारात आले. त्या काळातल्या मॅकिंटॉशवर आणि पुढे विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत ठोकळा कायम एकाच मापाचा, चौकोनी असायचा. कागद दोन पानांचा असो की दोनशे पानांचा. म्हणजे तुम्ही कुठे आहात हे तो सांगायचा, पण किती बाकी आहे हे नाही. कागदाच्या मानाने लहानमोठा होणारा ठोकळा बहुतेकांच्या घरात आणला तो विंडोज ९५ ने. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने चाक असलेला माउस विकायला काढला, आणि लोक हळूहळू ठोकळा धरायचंच विसरले. चाक फिरवलं की काम होतं. त्यानंतर पट्टी हलवायला कमी आणि बघायला जास्त उरली. मला विचाराल तर तिचं खरं काम तेच होतं.

आता माझ्या दोन भाषांकडे येते.

आमच्या शाळेतल्या मुलांच्या वह्या तुम्ही बघितल्यात तर गंमत वाटेल. काटकसरीने एकच वही दोन विषयांना वापरणारी मुलं असतात. एका बाजूने उघडली की मराठी सुरू, उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की उर्दू. दोन्ही भाषा आपापल्या पहिल्या पानावरून निघतात आणि कुठेतरी मध्ये भेटतात. मराठीच्या मुलीला ती वही संपल्यासारखी दिसते तिथे उर्दूची सुरुवात असते.

संगणकाला ही दुसरी बाजू उशिरा कळली, पण कळली. एक्सेलच्या तक्त्याला उजवीकडून डावीकडे असा हुकूम दिला की पहिला रकाना उजव्या कडेला जातो आणि उभी स्क्रोलबार डावीकडे येऊन बसते. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला हसू आलं. आपण उर्दूला खुर्ची दिल्यावर पट्टी उठून दुसऱ्या बाजूला गेली, अदब म्हणून. पण कारण साधं आहे. वाचणाऱ्याची नजर जिथून ओळ सुरू करते त्या कडेला अडथळा नको, ओळ संपते त्या बाजूला पट्टी असलेली बरी. मराठीची ओळ उजवीकडे संपते, उर्दूची डावीकडे.

उर्दूत एक जुना शब्द आहे, तूमार. कागदाची लांबच लांब गुंडाळी. इंग्रजीतल्या स्क्रोल या शब्दाचा मूळ अर्थ तोच. गोष्टीला गोष्ट जोडून लांबवणाऱ्याला आपल्याकडे म्हणतात, तूमार बांधतोय. गुंडाळी वाचणाऱ्याच्या दोन्ही हातांत वजन असायचं. एका हातात वाचून झालेलं, दुसऱ्या हातात राहिलेलं. डोळ्यांनी बघायची गरज नाही, हातालाच कळायचं की किती बाकी आहे. पुस्तकाचंही तेच. उजव्या अंगठ्याखाली पानं कमी होत जातात तशी गोष्ट संपत आलीय हे मराठी वाचकाला समजतं, आणि उर्दू वाचकाला ते डाव्या अंगठ्याखाली समजतं. संगणकात कागदाला जाडी नाही, वजन नाही. ती जाडी त्या अरुंद पट्टीत आणून ठेवली होती.

हे सगळं मला नुसतं गमतीचं वाटत होतं. मग एक प्रसंग घडला.

उमरगा सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, कर्नाटकच्या वेशीजवळ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे इथल्या जमिनीचे जुने कागद पुष्कळदा उर्दूत सापडतात, काही मोडीत. ज्यांचे ते कागद आहेत त्या घरांत आज उर्दू वाचणारं कोणी नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून जुन्या कागदांना अचानक मोल आलं. पूर्वी माळ्यावर पडलेली पेटी लोक खाली काढू लागले. कचेऱ्यांतल्या जुन्या दस्तांची छायाचित्रं संगणकावर आली. आणि उर्दू वाचता येणाऱ्या शिक्षकांच्या दारात अनोळखी माणसं येऊ लागली.

त्यांतलेच एक काका. गाव कर्नाटकच्या बाजूचं, पाच-सात एकर जमीन, साठीच्या पुढचं वय. त्यांच्या हातात दोन छापील कागद होते. गावातल्या एका संगणक केंद्रावरून पैसे देऊन काढून आणलेले.

"मॅडम, ह्यात आमच्या घरचं नाव न्हाई म्हनत्यात. तुमी एकडाव बघा की."

मी बघितलं. उर्दूच होतं, घाईघाईने लिहिलेलं शिकस्ता वळणाचं. आकडे होते. अर्धवट शेरे होते. पण नाव नव्हतंच. कुणाचंच नाव नव्हतं. सबंध गावच्या तक्त्यात एकाही माणसाचं नाव नाही, असं कसं होईल? मी कागदाचा माथा बघितला. तिथे रकान्याचं शीर्षक होतं, कैफ़ियत.

मराठीत कैफियत म्हणजे आपली बाजू मांडणं. उर्दूतल्या सरकारी नोंदवहीत कैफ़ियत म्हणजे शेरा, आणि शेऱ्याचा रकाना सगळ्यात शेवटी असतो. उर्दू पानाचा शेवट डावीकडे. म्हणजे काकांच्या हातात पानाचा फक्त डावा तुकडा होता. सुरुवात उजवीकडे राहून गेली होती.

काका पेन ड्राइव्हही घेऊन आले होते. मी फाइल उघडली आणि अक्षरं वाचता यावीत म्हणून मोठी केली. खिडकीत दिसू लागला तो डावा वरचा कोपरा. संगणकाचं मोजमापच डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होतं. छायाचित्राला भाषा नसते. एक्सेलच्या तक्त्याला मी सांगू शकते की तू उर्दू आहेस, पण जुन्या कागदाच्या फोटोला ते कोण सांगणार? त्यामुळे ज्या पानाची सुरुवात उजवीकडे आहे, ते पान संगणक शेवटाकडून दाखवत होता. खाली आडवी स्क्रोलबार होती. तिचा ठोकळा डाव्या टोकाला चिकटलेला आणि जेमतेम पाव पट्टी व्यापणारा. म्हणजे तीन वाटे पान उजवीकडे होतं आणि पट्टी ते ओरडून सांगत होती. केंद्रावरच्या पोराने दिसलं तेवढं छापून दिलं होतं. त्याला उर्दू येत नव्हतं, आणि पट्टीकडे बघायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

मी ठोकळा उजव्या टोकाला नेला. सर्वे नंबर आला, पट्टेदाराच्या नावाचा रकाना आला, मग रक़बा, म्हणजे क्षेत्र. साल फसली होतं, १३४३. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १९३३ च्या आसपासचं. काकांनी गट नंबर सांगितला, जुना सर्वे नंबर त्यांना पाठ होता. ती ओळ सापडली. पण त्या ओळीत त्यांच्या आज्याचं नाव नव्हतं.

तिथे लिहिलं होतं 'मुसम्मात', पुढे एक नाव, आणि पुढे 'बेवा', मग आणखी एक नाव. उर्दू कागदात बाईच्या नावाआधी मुसम्मात लिहायचे. बेवा म्हणजे विधवा. मी दोन्ही नावं वाचून दाखवली. ती इथे लिहीत नाही.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही आमच्या आज्याची आई."

जमीन तिच्या नावावर होती. नवरा गेल्यावर तिने ती राखली होती आणि मुलगा मोठा झाल्यावर त्याच्याकडे गेली होती. घरात सगळे आज्याचंच नाव घ्यायचे. ती बाई होती हे ठाऊक होतं, पण ती पट्टेदार होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी मला तो शब्द पुन्हा वाचायला लावला. मग स्वतः पडद्याजवळ वाकून बोट ठेवलं, "ह्यो काय?" मी म्हटलं, हो, हेच त्यांचं नाव. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ते बघत राहिले.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की माझ्या वाचण्याला कचेरीत किंमत नाही. मी मास्तरीण आहे. नक्कल आणि अधिकृत भाषांतर त्यांना रीतसर काढावं लागेल, आणि त्यांना जे सिद्ध करायचंय ते या कागदाने होईल की नाही, हेही मला सांगता येणार नाही. ते म्हणाले, "ते बघू की. पर नाव हाय म्हनायचं." पुढे त्या कामाचं काय झालं ते त्यांनी कळवलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण त्या बाईचं नाव त्या दिवशी दीड वितीच्या पडद्याबाहेर होतं, आणि एक ठोकळा ओढल्यावर आत आलं, एवढं मी बघितलं.

त्यानंतर मी मुलांना आडवी पट्टी आधी शिकवते. उभीची सवय सगळ्यांना असते. आडवीकडे कोणी बघत नाही. निकालाचा तक्ता असो, शिष्यवृत्तीच्या अर्जाची यादी असो, शेवटचा रकाना नेहमी बाहेर राहतो, आणि 'त्रुटी' किंवा 'अपूर्ण' असले शब्द नेमके तिथेच लिहिलेले असतात.

अडचण अशी की शिकवावी तर ती पट्टीच आता दिसेनाशी झालीय. २००७ मध्ये आयफोन आला आणि बोटाने पडदा सरकवायची रीत पडली. फोनचा पडदा लहान, पट्टीला जागा कुठून देणार? म्हणून ती बोट हलेल तेवढ्यापुरती बारीक रेघेसारखी उमटते आणि मिटते. २०११ मध्ये ॲपलने तीच रीत आपल्या संगणकांवर आणली. पुढे विंडोजनेही बऱ्याच खिडक्यांत पट्टी लपवायला सुरुवात केली. दिसायला सुबक दिसतं, हे मान्य. पण पूर्वी पट्टी नाही म्हणजे कागद संपला, असा अर्थ होता. आता पट्टी नाही याचा काहीच अर्थ होत नाही.

दिशेचाही घोळ झाला. फोनवर आपण कागदालाच बोट लावतो आणि वर ढकलतो. स्क्रोलबारवर आपण पुठ्ठ्याचा चौकोन खाली ओढतो. पहिल्यांदा फोन आणि नंतर संगणक बघणारी आमची मुलं ठोकळा उलट्या दिशेला ओढतात. त्यांना मी चुकीचं म्हणत नाही. कागद हलवताय की पुठ्ठा, एवढंच विचारते. मुलं स्वतःच दुरुस्त करतात.

आणि मग तो न संपणारा कागद. २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या अमेरिकन तरुणाने अशी रचना केली, की पान संपत आलं की खाली आपोआप नवं जोडलं जावं. पुढच्या पानावर जायला टिचकी मारायची गरज उरली नाही. नंतरच्या काळात त्यानेच या शोधाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. अशा पानाला स्क्रोलबार असून नसल्यासारखी. ठोकळा तळाला पोचतो आणि पुन्हा वर उडी मारतो, कारण मधल्या वेळात कागद वाढलेला असतो. आमच्या दादीअम्मा ज्याला तूमार बांधणं म्हणायच्या ते हेच. गोष्ट सांगणारा थांबत नाही आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की किती बाकी आहे.

मुलांना वाचनाची गोडी नाही, अशी तक्रार आम्ही शिक्षक खोलीत रोज करतो. मला वाटतं गोडीच्या आधी आणखी एक गोष्ट हरवलीय, अंदाज. धडा किती मोठा आहे, मी कुठवर आलो, किती राहिलं, हा अंदाज. पुस्तक हातात दिलं की मुलं आधी शेवटचं पान काढून बघतात, मग सुरू करतात. आम्ही लहानपणी त्यावर ओरडा खाल्लाय. आज मी ते करू देते. तो स्क्रोलबार बघण्यासारखाच प्रकार आहे. किती चालायचंय हे कळलं की मूल चालायला लागतं.

सगळ्यात जास्त काळजी मला स्क्रीनशॉटची वाटते. स्क्रीनशॉट म्हणजे स्क्रोलबार कापून टाकलेली खिडकी. वर काय होतं, खाली काय होतं, काही समजायला मार्ग नाही. एकदा शाळेच्या सूचनेचा अर्धा स्क्रीनशॉट पालकांच्या गटात फिरला. तारीख होती, पण ती कोणत्या वर्गासाठी हे खालच्या ओळीत होतं, आणि खालची ओळ कोणी घेतलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी चुकीची मुलं परीक्षेला हजर. त्यावर हसून भागलं. पण सगळे स्क्रीनशॉट शाळेच्या सूचनेचे नसतात. कुणाच्या तरी लिहिण्यातली मधली चार वाक्यं कापून फिरवली जातात, आणि त्या चार वाक्यांवर वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली माणसं एकमेकांकडे चहाला जायची थांबतात. हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं नाही, माझ्या गल्लीत बघितलंय. ईदचा शीरखुर्मा ज्या घरी जायचा आणि दिवाळीचा फराळ ज्या घरून यायचा, अशा दोन घरांत. मूळ लिहिणं तीन पानांचं होतं. मी ते शोधून दोन्ही घरांना पाठवलं. एका घराने वाचलं. दुसऱ्या घराने, मला वाटतं, अजून वाचलेलं नाही.

म्हणून शेवटी दोन कामाच्या गोष्टी सांगते. तुमच्या संगणकावर विंडोज ११ असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात व्हिज्युअल इफेक्ट्स, आणि तिथे 'ऑलवेज शो स्क्रोलबार्स' असं एक बटण आहे. ते चालू करून ठेवा. घरात म्हातारं माणूस संगणक वापरत असेल तर नक्कीच. जुना दस्त किंवा मोठा तक्ता उघडला की अक्षरं वाचण्याआधी दोन्ही पट्ट्या बघा, उभी आणि आडवी. कागद उर्दूतला असेल तर आधी उजव्या टोकाला जा.

आणि फोनवर कुणी कापलेला तुकडा पाठवला, तर रागवण्याआधी किंवा पुढे ढकलण्याआधी त्याला एवढंच विचारा, की बाबा, याच्या वर काय होतं आणि खाली काय होतं? त्याच्याकडे बहुतेक वेळा उत्तर नसतं. मग आपण मूळ कागद मागायचा, आणि तो मिळेपर्यंत थांबायचं.